मसाल्यातून मीठ वेगळं काढताना

एक किलो पोर्क शोल्डर, म्हणजे डुकराच्या खांद्याचं मांस, स्मोकरमध्ये, म्हणजे धुरावर मंद शिजवण्याच्या भट्टीत, जाण्याआधी त्याला साधारण ४० ग्रॅम कोरडा मसाला चोळतात. अमेरिकेत या मसाल्याला ‘रब’ म्हणतात. बाजारात मिळणाऱ्या कितीतरी रबांच्या डबीवर घटकपदार्थांच्या यादीत पहिलंच नाव मिठाचं असतं. समजा, त्या ४० ग्रॅममध्ये निम्मं मीठ आहे. म्हणजे झालं २० ग्रॅम. ते मांस चौघांनी वाटून खाल्लं, तर प्रत्येकाच्या पोटात ५ ग्रॅम मीठ जातं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला अख्ख्या दिवसात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. थोडं मीठ रसाबरोबर निखाऱ्यांवर गळून जातं हे खरं, पण त्याची भरपाई सॉस, पाव आणि लोणचं सहज करतात. एका बैठकीत दिवसभराचं मीठ संपलं, असाच त्याचा अर्थ.

रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचं दुखणं मागे लागलं, की घरातल्या माणसाला पहिल्यांदा हेच जेवण बंद होतं. मग तो पंगतीत नुसता बसून राहतो, नाहीतर त्याच्या पानात अळणी, बेचव तुकडे पडतात. या दोन्ही गोष्टी टाळता येतात. कमी मिठाचा रब चवदार करणं अवघड नाही. त्यासाठी मीठ मांसावर काय काय करतं, ते आधी सुटं सुटं करून पाहावं लागतं. मीठ चार कामं करतं. त्यातली तीन बऱ्याच अंशी दुसऱ्या कुणाकडून करून घेता येतात. चौथं येत नाही, आणि तेही माहीत असणं तितकंच गरजेचं आहे.

मिठाची चार कामं

पहिलं काम उघड आहे: खारट चव. जिभेवर सोडियम पोहोचलं की ती चव लागते. मिठाच्या वजनात सुमारे ४० टक्के सोडियम असतं, म्हणून ५ ग्रॅम मीठ म्हणजे २ ग्रॅम सोडियम.

दुसरं काम सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मीठ कडू चव दाबतं. पॉल ब्रेस्लिन आणि गॅरी बोशॉम्प या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’ नियतकालिकात हे दाखवून दिलं. कडू आणि गोड पदार्थांच्या मिश्रणात सोडियमचा क्षार घातला, की कडवटपणा मागे पडतो आणि दबलेली गोडी वर येते. धुरावलेल्या मांसाच्या बाबतीत याला फार महत्त्व आहे, कारण धूर, करपलेली साखर, जळालेली मिरची हे सगळेच कडवटपणाचे उगम आहेत. भरपूर मीठ असलं की ते झाकले जातात. मीठ कमी केलं की उघडे पडतात.

तिसरं काम पाणी धरून ठेवण्याचं. मीठ मांसातल्या ओलाव्यात विरघळून आत शिरतं आणि स्नायूंमधल्या मायोसिनसारख्या प्रथिनांची घट्ट वीण सैल करतं. सैल झालेले तंतू फुगतात आणि तापल्यावर कमी पाणी सोडतात. आधी मीठ लावलेली कोंबडी रसाळ लागते ती यामुळे.

चौथं काम मांस टिकवण्याचं. त्याकडे शेवटी येऊ.

डब्या दोन हव्यात

कमी मिठाच्या रबाचा पहिला नियम ऐकायला विचित्र वाटेल: रबात मीठ घालूच नका. मीठ एका डबीत, मसाला दुसऱ्या डबीत.

याचं कारण साधं आहे. मसाला मांसाच्या पृष्ठभागावर बसतो. मिरी, लसूण, पॅप्रिका यांतली सुगंधी द्रव्यं बहुतांशी तेलात विरघळणारी असल्यामुळे ती वरच्या काही मिलिमीटरांपलीकडे जात नाहीत. म्हणून मसाला किती लागेल हे पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरतं. मीठ मात्र पाण्यात विरघळून खोल जातं, त्यामुळे त्याचं प्रमाण मांसाच्या वजनावर ठरायला हवं. पाच किलोचं जाडजूड ब्रिस्केट, म्हणजे गाईबैलाच्या छातीचं मांस, आणि चपट्या बरगड्या यांना एकच खारा रब सारखाच जाड थापला, तर ब्रिस्केटला मीठ कमी पडेल आणि बरगड्या खारट होतील. वजनाच्या मानाने बरगड्यांचा पृष्ठभाग कितीतरी जास्त असतो. दोन्ही एकत्र मिसळले की मसाला वाढवायचा म्हणजे मीठही वाढवायचं, असा पेच पडतो. डब्या वेगळ्या केल्या की मसाला मनसोक्त चोळा, मिठाचा आकडा हलत नाही.

तो आकडा किती असावा? खवय्यांची नेहमीची पद्धत मांसाच्या वजनाच्या १ ते १.५ टक्के मिठाची आहे. निम्म्यावर या आणि किलोला ५ ग्रॅम धरा. म्हणजे किलोमागे २ ग्रॅम सोडियम. कच्च्या १५० ग्रॅम मांसाच्या वाढपात त्यातलं ३०० मिलिग्रॅम येतं, आणि मांसात मुळातच असलेलं साधारण १०० मिलिग्रॅम त्यात मिळवायचं. दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅमची आहे. त्यातल्या एक पंचमांशात मुख्य पदार्थ बसला, तर हे जेवण कितीतरी जणांच्या आवाक्यात येतं. डॉक्टरांनी याहून कडक मर्यादा घातली असेल, तर अर्थात तीच पाळायची.

मीठ चमच्याने मोजू नका, काट्यावर तोला. बारीक मिठाचा सपाट चमचा ६ ग्रॅमच्या आसपास भरतो, तर अमेरिकी स्वयंपाकात रुळलेलं जाड, पापुद्र्यासारखं कोशर मीठ त्याच चमच्यात कधी कधी निम्मंच मावतं. पाककृतीत लिहिलंय ‘दोन चमचे’ आणि घरात आहे बारीक मीठ, तर मांस तिथेच दुप्पट खारट झालं.

हे ५ ग्रॅमही दोनदा वापरावेत. जाड तुकडा असेल तर ३ ग्रॅम आदल्या रात्री चोळून मांस फ्रिजमध्ये उघडं ठेवा, म्हणजे मीठ आत मुरेल आणि पृष्ठभाग कोरडा पडेल. उरलेले २ ग्रॅम वाढताना, कापलेल्या फोडींवर भुरभुरावेत. आत मुरलेल्या मिठापेक्षा वर बसलेलं मीठ जिभेला लगेच भेटतं, म्हणून तेवढ्याच वजनात अधिक खारट लागतं. शेवटी मसाला टाकण्याची रीत मेम्फिसमध्ये जुनी आहे. तिथल्या १९४८ साली सुरू झालेल्या ‘रांदेव्हू’ उपाहारगृहात बरगड्या कोळशावर भाजतात, त्यांवर व्हिनेगरचं पाणी मारतात आणि कोरडा मसाला शेवटी पसरतात.

खारटपणाची उणीव कोण भरतं

आंबट. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात अख्खं डुक्कर निखाऱ्यांवर भाजून, बारीक चिरून त्यावर व्हिनेगर आणि लाल मिरचीचा पातळ सॉस घालतात. तिथे मांसाच्या चरबीला तोंड देण्याचं मुख्य काम आंबट चव करते. आंबटपणामुळे तोंडाला पाणी सुटतं आणि असलेलं थोडं मीठही ठळक लागतं. कोरड्या रबात व्हिनेगर घालता येत नाही, तिथे आमचूर, सुमाक किंवा चिमूटभर सायट्रिक आम्ल चालतं. वाळवलेल्या आमसुलांची पूड असेल तर तीही उत्तम. फक्त तिच्यात मीठ नाही ना, हे चाखून पाहा, कारण कोकम वाळवताना पुष्कळदा मीठ लावतात.

उमामी. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं केलं आणि या चवीला नाव दिलं. वाळवलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट असतं, वाळवलेल्या शिताके अळंबीत ग्वानिलेट. ही दोन एकत्र आली की त्यांचा परिणाम नुसत्या बेरजेपेक्षा मोठा होतो. शिताकेची पूड हा कमी मिठाच्या रबाचा कणा आहे. तिच्यात सोडियम नावापुरतं असतं, पण मांसाची चव भरीव होते. मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे आपल्याकडचा ‘अजिनोमोटो’, यातही सोडियम असतं, पण वजनाच्या १२ टक्के, मिठाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. मीठ कमी करून त्याच्या जोडीला अगदी थोडं वापरलं, तर एकूण सोडियम घटतं.

सुगंध आणि तिखट. जमैकातल्या ‘जर्क’ या भाजलेल्या मांसाच्या मसाल्यात ऑलस्पाइस, थाइम आणि स्कॉच बॉनेट मिरची यांचा असा दणका असतो, की इतर चवींकडे लक्ष उशिरा जातं. पोर्टलँड परगण्यातल्या बॉस्टन बे इथे तर मांस ऑलस्पाइसच्याच लाकडावर भाजतात. मध्य टेक्सासात जर्मन आणि चेक स्थलांतरितांच्या खाटकांच्या दुकानांतून वाढलेली परंपरा याच्या अगदी उलट, नुसत्या मीठ-मिरीची. तिथलं मीठ कमी करायचं असेल तर मिरी वाढवावी, आणि ती ताजी भरडलेली असावी.

धूर. नाकाला आलेला वासही जिभेची चव बदलतो. हॅम, बेकन असे वास आणि खारट चव आपण आयुष्यभर एकत्र अनुभवलेली असते, त्यामुळे तो वास आला की पदार्थ आहे त्याहून खारट वाटतो. हा परिणाम प्रयोगांत दिसलेला आहे. म्हणजे धुरावलेलं मांस हा कमी मिठासाठी सर्वांत सोयीचा पदार्थ ठरतो. धूर पुरेसा मिळणार नसेल तर स्पेनमधल्या ला व्हेराचं स्मोक्ड पॅप्रिका वापरावं. तिथे मिरच्या ओकच्या लाकडाच्या धुरावर दहा-पंधरा दिवस वाळवतात. गोडा मसाल्यातलं दगडफूलही याच वर्गातलं. थोडं भाजून कुटलं की त्याचा गंध धुराच्या जवळ जातो.

कडवटपणाचा बंदोबस्त

कमी मिठाचे बहुतेक रब इथे फसतात. मसाला चांगला असतो, पण आग वाईट असते. लाकूड ओलं असलं किंवा हवा कोंडली, की ते नीट जळत नाही, धुमसतं, आणि पांढरा दाट धूर येतो. त्यातली काजळी आणि डांबरासारखी द्रव्यं मांसावर बसून कडू चव देतात. वाळलेलं लाकूड आणि मोकळी हवा असेल तर धूर पातळ, निळसर, जेमतेम दिसेल असा येतो. मीठ कमी करणाऱ्याने आधी धूर सुधारावा.

दुसरी काळजी साखरेची. स्मोकरचं तापमान १०७ ते १३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतं. साखर १६० अंशांच्या पुढे जळायला लागते, त्यामुळे स्मोकरमध्ये रबातली थोडी साखर सुरक्षित असते, कडवटपणा झाकते आणि वरच्या काळपट, खमंग कवचाला मदत करते. निखाऱ्यांच्या थेट वर जाळीवर मांस भाजायचं असेल तर हेच गणित उलटतं. तिथे पृष्ठभाग २०० अंशांपलीकडे सहज जातो, साखर कोळसा होते आणि पॅप्रिकाही करपतं. गच्चीवर शेगडी मांडून तंगडी भाजणाऱ्यांनी साखर पूर्ण वगळावी आणि पॅप्रिकाचा निम्मा भाग भाजून झाल्यावर लावावा.

पाणी धरण्याचं काम कुठलाही मसाला करत नाही. त्याची भरपाई मांसाच्या निवडीत आहे. ब्रिस्केट, पोर्क शोल्डर, बकऱ्याचा खांदा यांत कोलॅजन भरपूर असतं. तासन्‌तास मंद आचेवर ठेवलं, आतलं तापमान ९३ अंशांच्या आसपास गेलं, की त्याचं जिलेटिन होतं आणि मांस ओलसर लागतं. कोंबडीच्या छातीला हा आधार नाही, म्हणून मांडी घ्यावी. कोंबडीचं आतलं तापमान ७४ अंशांना पोहोचलंच पाहिजे. छाती त्याच्या फार पुढे गेली की मीठ कमी असताना तिचा भुसा होतो. थर्मामीटर हे इथे मिठाइतकंच महत्त्वाचं साधन आहे.

एक रब, ग्रॅममध्ये

एक किलो पोर्क शोल्डर किंवा बकऱ्याच्या खांद्यासाठी: गोड पॅप्रिका १२ ग्रॅम, भरडलेली काळी मिरी ८, ब्राउन शुगर किंवा गुळाची पावडर ६, लसणाची पावडर ४, कांद्याची पावडर ४, मोहरीची पूड ३, शिताकेची पूड ३, जिरे २, आमचूर २, वाळलेलं थाइम १. एकूण ४५ ग्रॅम. या सगळ्याचं मिळून सोडियम ३० मिलिग्रॅमच्या आत राहतं. मीठ ५ ग्रॅम, दुसऱ्या डबीत.

मिरीची पूड विकत आणू नका. सबंध मिरी खलबत्त्यात घालून बत्ता आपटण्याऐवजी फिरवत दाबा. एका मिऱ्याचे चार-पाच तुकडे झाले की थांबा आणि पिठाच्या चाळणीने बारीक भुगा गाळून काढा. तो भुगा आमटीत जाऊ द्या. रबात तो लवकर जळतो आणि कडू होतो, जाड तुकडे मात्र दहा तासांनंतरही दाताखाली तिखट लागतात. जिरे कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजा, रंग एक छटा गडद झाला आणि वास सुटला की लगेच ताटलीत काढा. तव्यावरच राहू दिले तर उरलेल्या उष्णतेने करपतात. शिताके वाळलेले दिसले तरी हवेतला ओलावा धरून असतात. तेही तव्यावर शेकून, वाकवल्यावर कट्‌कन मोडतील इतके कोरडे करा, मग मिक्सरमध्ये पूड होते, नाहीतर चिवट चुरा होतो.

रात्री मीठ लावलेलं मांस सकाळी बाहेर काढा, तेलाचा हलका हात फिरवा आणि रब दाबून बसवा. बरेच जण चिकटवण्यासाठी पिवळी तयार मोहरी लावतात, पण तिच्यात बरंच मीठ असतं. तेलाने तेच काम होतं आणि पॅप्रिकाचा रंगही खुलतो.

लपलेलं सोडियम

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी एका गोष्टीकडे खास लक्ष द्यावं. तिथल्या दुकानांतल्या कित्येक कोंबड्या आणि पोर्कच्या तुकड्यांना आधीच खारट द्रावण टोचलेलं असतं. पाकिटावर बारीक अक्षरांत द्रावणाची टक्केवारी छापलेली असते. साध्या ताज्या मांसात १०० ग्रॅमला ५० ते ८० मिलिग्रॅम सोडियम असतं. पाकिटावरचा आकडा त्याच्या कितीतरी पट दिसला तर ते मांस परत ठेवा. ‘गार्लिक सॉल्ट’ म्हणजे बहुतांशी मीठच, म्हणून लसणाची पावडर घ्यावी. तिथली ‘चिली पावडर’ हे जिरे, ओरेगानो, लसूण यांचं मिश्रण असतं आणि पुष्कळदा त्यात मीठ असतं. आपल्याकडे हाच धोका चाट मसाला, तंदुरी मसाला आणि कांदा-लसूण मसाल्यात आहे. गोडा मसाला सहसा बिनमिठाचा असतो.

पोटॅशियम क्लोराइड मिसळलेल्या मिठाबद्दल नेहमी विचारलं जातं. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या अभ्यासात, ज्यांनी ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइडचं मीठ वापरलं, त्यांच्यात पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळलं. २०२१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पर्याय म्हणून हे मीठ मोलाचं आहे. पण मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आणि रक्तदाबाची किंवा हृदयाची काही विशिष्ट औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये. त्यांच्या रक्तात पोटॅशियम साचून हृदयाची लय बिघडू शकते. शिवाय पोटॅशियम क्लोराइड चवीला कडवट असतं, आणि धुराच्या पदार्थात आणखी कडवटपणा नको असतो.

जिथे मीठ कमी करायचं नाही

आता चौथं काम. हॅम, बेकन, जर्की आणि गोव्याचं चोरिस हे खारवलेले पदार्थ आहेत. त्यांत मीठ जिवाणूंना रोखतं. चोरिसमध्ये व्हिनेगर, मिरची आणि वाळवणं हे त्याच्या मदतीला असतात, पण पाया मिठाचाच. अशा पाककृतीत मीठ आपल्या मनाने घटवलं, तर मांस विषारी होण्याचा धोका असतो. मसाला आणि धूर ती जागा भरून काढत नाहीत. असे पदार्थ कमी खावेत, पण करताना प्रमाण पाळावं.

कमी मिठाचा रब लावलेलं, मंद आचेवर शिजवलेलं मांस हे ताजं अन्न आहे. ते धुरावलेलं आहे म्हणून टिकेल, असं समजू नका. चुलीवरून उतरल्यापासून दोन तासांत खा, नाहीतर फ्रिजमध्ये ४ अंशांच्या खाली ठेवा.

जिभेला कमी मिठाची सवय लागते. मीठ घटवणाऱ्यांना दोन-तीन महिन्यांनी पूर्वीचे पदार्थ खारट लागू लागतात, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. म्हणून पहिल्याच वेळी ५ ग्रॅमवर उडी मारू नका. आज किलोला १० ग्रॅम, पुढच्या खेपेला ८, मग ६ असे उतरत जा, आणि तो सगळा काळ मसाल्यात हात आखडता घेऊ नका. घरात एकाला पथ्य असेल तर सगळ्यांसाठी हेच मांस करा आणि ज्याला हवं त्याने वरून मीठ घ्यावं. मीठ वरून घालता येतं, शिजलेल्या मांसातून काढता येत नाही.